नामविस्तार दिन (१४ जानेवारी १९९४)

नामविस्तार दिन म्हणजे १४ जानेवारी १९९४ हा दिवस. या दिवशी महाराष्ट्र शासनाने औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे केले. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजीच संमत केला होता. ठराव आणि निर्णय यांच्यामध्ये जवळपास साडेपंधरा वर्षे गेली. या काळात मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, अनेकांचे प्राण गेले, हजारो कार्यकर्त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यामुळे हा दिवस एका शैक्षणिक संस्थेच्या नामकरणाचा दिवस म्हणून जेवढा ओळखला जातो, तेवढाच महाराष्ट्रातील आंबेडकरी चळवळीच्या एका दीर्घ लढ्याचा शेवट म्हणूनही. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मोठा जनसमुदाय जमतो.

या लेखात घटनांच्या काळात प्रचलित असलेली गावांची व जिल्ह्यांची नावे वापरली आहेत. औरंगाबाद शहराचे ‘छत्रपती संभाजीनगर’ आणि उस्मानाबादचे ‘धाराशिव’ हे नामांतर २०२३ मध्ये झाले.

‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’

चळवळीची मागणी नामांतराची होती. ‘मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव जाऊन त्या जागी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ’ हे नाव यावे, असा तिचा अर्थ होता. विरोधकांचा मुख्य आक्षेप ‘मराठवाडा’ हा शब्द वगळण्याला होता, निदान जाहीरपणे तरी तो तसाच मांडला जाई. १९९४ च्या निर्णयात आंबेडकरांचे नाव आधी आले आणि ‘मराठवाडा’ हा शब्द त्यामागे कायम राहिला. जुने नाव न काढता ते वाढवले, म्हणून या तडजोडीला ‘नामविस्तार’ असे म्हटले गेले. आजही लढ्याचा उल्लेख ‘नामांतर आंदोलन’ असा होतो आणि दिवसाचा ‘नामविस्तार दिन’ असा. बोलण्यात हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. मात्र त्यांतील फरक म्हणजेच मागितलेले आणि मिळालेले यांतील फरक आहे.

पार्श्वभूमी

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. तोवर या भागातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. उच्च शिक्षणाची सोय अत्यंत तोकडी होती. मराठवाड्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे ही मागणी पुढे आली आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. सं. रा. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू. शहराच्या वायव्येस, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी विद्यापीठाचा परिसर वसला.

विद्यापीठाच्या आधी, १९५० मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले होते. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथांतील मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादावरून महाविद्यालयाचे नाव मिलिंद व परिसराचे नाव नागसेनवन ठेवण्यात आले. संस्थानी राजवटीत शाळेचे तोंडही न पाहिलेल्या कुटुंबांतील मुले येथे वसतिगृहात राहून पदवीधर होऊ लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस, प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या शिक्षकांच्या सहवासात लेखक, वकील, शिक्षक आणि कार्यकर्त्यांची एक पिढी घडली. पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक औरंगाबादेतूनच निघे. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव मिळावे या मागणीमागे ही वस्तुस्थिती होती. मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत आंबेडकरांचे स्थान अग्रभागी आहे आणि ते नावातून दिसावे, असे मागणी करणाऱ्यांचे म्हणणे होते.

आणीबाणी उठल्यानंतर १९७७ मध्ये मागणीने जोर धरला. गंगाधर गाडे यांच्यासह दलित पँथरमधील कार्यकर्ते आणि विविध विद्यार्थी संघटना त्यात पुढे होत्या. आरंभीच्या टप्प्यात दलितेतर विद्यार्थी नेत्यांचाही तिला पाठिंबा होता, हे नंतरच्या कडवटपणात विसरले गेले. तत्कालीन मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी मागणीला अनुकूलता दाखवली होती.

१९७८ चा ठराव आणि हिंसाचार

१८ जुलै १९७८ रोजी शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारचे मुख्यमंत्री झाले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २७ जुलैला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. सभागृहात त्याला फारसा विरोध झाला नाही. विरोध रस्त्यावर झाला. ठरावाची बातमी पोहोचताच औरंगाबादेत दंगल उसळली आणि काही दिवसांत ती नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत पसरली.

शहरांत बंद, मोर्चे, बसगाड्यांची मोडतोड असे विरोधाचे रूप होते. खेड्यांत ते फार वेगळे आणि भीषण झाले. गावाबाहेरच्या दलित वस्त्या पेटवण्यात आल्या, धान्य व जनावरे लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, कुटुंबेच्या कुटुंबे रानात आश्रयाला गेली. या हिंसाचाराची झळ सुमारे १,२०० गावांना बसली, असे या विषयावरील लेखनात सांगितले जाते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथील पोचिराम कांबळे यांची जमावाने हत्या केली. नामांतर लढ्यातील हुतात्म्यांच्या स्मरणात त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

विद्यापीठाच्या नावाशी ज्यांचा दैनंदिन काहीच संबंध नव्हता, अशा शेतमजुरांची घरे एका ठरावामुळे का जाळली गेली, हा प्रश्न अभ्यासकांनी पुढे वारंवार विचारला. त्याचे उत्तर नावापलीकडे शोधावे लागते. १९५६ च्या धर्मांतरानंतर पूर्वाश्रमीच्या महार समाजाने मेलेली जनावरे ओढण्यासारखी परंपरागत गावकीची कामे सोडली होती. गायरान जमिनींवर भूमिहीनांनी हक्क सांगितल्याने अनेक गावांत ताण होता. शिकलेली दलित मुले शिष्यवृत्त्या, आरक्षित जागा आणि सरकारी नोकऱ्या मिळवू लागली होती, तर कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या इतर समाजांतील तरुणांना रोजगाराची वाट दिसत नव्हती. गावातील जुन्या उतरंडीला बसलेल्या या धक्क्यांचा राग नामांतराच्या निमित्ताने बाहेर पडला, असे बहुतेक विश्लेषकांचे मत आहे.

विरोधाची वैचारिक बाजू

सर्वच विरोधक एका माळेचे नव्हते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील ज्येष्ठ नेते गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव हे नामांतराच्या विरोधात होते. निजामी राजवटीविरुद्ध लढून मिळवलेली मराठवाड्याची ओळख विद्यापीठाच्या नावात आहे आणि ती पुसली जाऊ नये, अशी त्यांच्या बाजूची भूमिका होती. आंबेडकरांविषयी अनादर नाही, असेही ही मंडळी सांगत. नामांतरवाद्यांनी याला दिलेले उत्तर असे की, प्रादेशिक अस्मितेची ही भाषा खेड्यांतील हल्लेखोरांना आयती ढाल ठरली. समाजवादी नेते एस. एम. जोशी यांच्यासारख्यांनी जनक्षोभ पत्करून नामांतराचे समर्थन केले. एकाच स्वातंत्र्यलढ्यातून आलेली आणि एकमेकांचा आदर करणारी माणसे या प्रश्नावर समोरासमोर उभी राहिली. मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनातील ती दुफळी पुढे बराच काळ सांधली नाही.

१९८० च्या दशकात शिवसेनेने मराठवाड्यात, विशेषतः औरंगाबाद शहरात, आपला पाया विस्तारला. नामांतराला असलेला तिचा विरोध हे त्या विस्ताराचे एक कारण होते.

रखडलेली साडेपंधरा वर्षे

ठराव म्हणजे सभागृहाने व्यक्त केलेली इच्छा. विद्यापीठाचे नाव मात्र कायद्यात लिहिलेले असते. मराठवाडा विद्यापीठाचा कारभार त्या वेळी १९७४ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार चाले आणि नाव बदलण्यासाठी शासनाने ठरावापुढचे पाऊल टाकणे आवश्यक होते. दंगलीनंतर ते पाऊल थांबले.

त्यावर नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे ‘लाँग मार्च’ निघाला. विदर्भातून पायी निघालेल्या या मोर्चात स्त्रियांचा सहभाग लक्षणीय होता. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीपाशी पोलिसांनी मोर्चा अडवला. लाठीमार झाला, मोठ्या प्रमाणावर अटका झाल्या. मोर्चा औरंगाबादला पोहोचू शकला नाही, पण तोवर मराठवाड्यापुरता असलेला प्रश्न त्याने साऱ्या महाराष्ट्राचा केला. पुढील वर्षांत सत्याग्रह, जेलभरो आणि मुंबई-नागपूरच्या अधिवेशनांवरील मोर्चे हा क्रम चालू राहिला.

फेब्रुवारी १९८० मध्ये पवारांचे सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली. त्यानंतर अ. र. अंतुले, बाबासाहेब भोसले, पुन्हा वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण, पुन्हा शरद पवार आणि सुधाकरराव नाईक असे मुख्यमंत्री झाले. यांपैकी निलंगेकर व चव्हाण हे मराठवाड्याचेच. ठराव रद्द करण्याचे धाडस कोणी केले नाही आणि तो अमलात आणण्याचेही नाही. ज्यांच्या काळात तो संमत झाला त्या पवारांनीही १९८८ ते १९९१ या आपल्या कारकिर्दीत त्याला हात घातला नाही.

१९९० मध्ये डॉ. आंबेडकरांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले आणि १९९०-९१ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष देशभर साजरे झाले. ज्यांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागते, त्यांचे नाव महाराष्ट्रातील विद्यापीठाला मात्र चालत नाही, हा विरोधाभास आता लपवता येईना. मार्च १९९३ मध्ये पवार पुन्हा मुख्यमंत्री म्हणून मुंबईत आले तेव्हा मागणीने नव्याने उचल खाल्ली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे या तरुण कार्यकर्त्याने नामांतरासाठी आत्मदहन केले. या मृत्यूने राज्यभर संतापाची लाट उसळली आणि निर्णय आणखी लांबवणे सरकारला अशक्य झाले.

१४ जानेवारी १९९४

त्या दिवशी शुक्रवार होता आणि मकरसंक्रांत. मुख्यमंत्री शरद पवार यांच्या सरकारने मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर केला. डॉ. पी. सी. अलेक्झांडर हे त्या वेळी राज्यपाल व पदसिद्ध कुलपती होते.

१९७८ चा अनुभव लक्षात घेऊन या खेपेला तयारी वेगळी होती. निर्णयापूर्वी मराठवाड्यातील नेते, विद्यार्थी आणि दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते यांच्याशी बोलणी करण्यात आली. मराठवाड्यातील शहरांत व संवेदनशील गावांत पोलीस बंदोबस्त वाढवण्यात आला. केवळ साडेतीन महिन्यांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली होती आणि शासनयंत्रणा पुनर्वसनात गुंतलेली होती. अशा स्थितीत हिंसाचाराची दुसरी लाट राज्याला परवडणारी नव्हती.

तडजोडीचे दोन भाग होते. पहिला भाग नावाचा, तो वर आला आहे. दुसरा भाग विभाजनाचा होता. मराठवाड्यासाठी नांदेड येथे आणखी एक विद्यापीठ स्थापन करायचे आणि त्याला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अध्वर्यू स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव द्यायचे. आंबेडकरी अनुयायांची मागणी आणि मुक्तिसंग्रामाच्या वारशाचा अभिमान, दोहोंना एकाच निर्णयात जागा करून देण्याचा हा प्रयत्न होता.

औरंगाबादेतील दलित वस्त्यांत, नागसेनवनात आणि विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी निर्णयाचे स्वागत झाले. तिळगुळाचा सण आणि विजयाचा दिवस एकच आल्याने पुढे अनेक घरांत संक्रांतीला दुहेरी अर्थ चिकटला. विरोधही झाला, निषेधाच्या सभा व बंदची आवाहने निघाली. परंतु १९७८ सारखा वणवा पेटला नाही.

चळवळीतील सर्वांचे मात्र समाधान झाले नाही. मागितले नामांतर आणि हाती आला नामविस्तार, हा एक आक्षेप. दुसरा अधिक टोकदार होता: विद्यापीठाच्या नावाचा विस्तार होत असतानाच त्याच्या कार्यक्षेत्राचा संकोच होत होता. नांदेड जिल्हा हा या लढ्यातील दोन ठळक बलिदानांचा, १९७८ च्या पोचिराम कांबळे यांच्या आणि १९९३ च्या गौतम वाघमारे यांच्या. नव्या रचनेत नेमका तोच जिल्हा आंबेडकरांच्या नावाच्या विद्यापीठाबाहेर गेला. तरीही साडेपंधरा वर्षांच्या झीजेनंतर बहुसंख्य कार्यकर्त्यांनी निर्णय स्वीकारला.

परिणाम

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर व परभणी हे जिल्हे त्याच्याकडे गेले. परभणीतून १९९९ मध्ये वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही त्याच्याच कार्यक्षेत्रात आहे. औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे राहिले. ‘मराठवाडा’ हा शब्द अशा रीतीने दोन्ही विद्यापीठांच्या नावात आहे.

त्याच वर्षी राज्यातील विद्यापीठांचे वेगवेगळे अधिनियम रद्द होऊन महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४ हा एकत्रित कायदा आला आणि त्यात नवे नाव समाविष्ट झाले. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमातही ते तसेच आहे.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचा पराभव होऊन शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार आले. नामविस्ताराची किंमत काँग्रेसला मराठवाड्यात मोजावी लागली, असे विश्लेषण तेव्हापासून केले जाते. मात्र त्या निवडणुकीत मुंबईतील दंगली व बॉम्बस्फोट, काँग्रेसमधील बंडखोरी असे इतरही मुद्दे होते. पराभवाचे सारे ओझे एका निर्णयावर टाकणे अतिशयोक्तीचे ठरेल. युती सरकारने नामविस्तार मागे घेतला नाही, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. सत्तेबाहेर असताना केलेला विरोध सत्तेत आल्यावर पुढे रेटण्याचा विषय उरला नव्हता.

१९९४ ची शब्दरचना पुढे महाराष्ट्रात जणू प्रघातच झाली. व्यक्तीचे नाव आधी आणि प्रदेशाचे किंवा शहराचे जुने नाव मागे, या पद्धतीने राज्यातील इतर विद्यापीठांचेही नामविस्तार झाले: २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. यांपैकी कोणत्याही नावासाठी गावे जळली नाहीत. पुण्याचे नाव बदलताना ‘पुणे’ हा शब्द राहील की जाईल यावर वादळ उठले नाही, कारण तो राहतो हे तोवर गृहीत धरले गेले होते.

स्मरण

१४ जानेवारीला विद्यापीठ प्रशासनाच्या वतीने व्याख्याने व अभिवादनाचे कार्यक्रम होतात. प्रत्यक्ष गर्दी असते ती प्रवेशद्वारापाशी. बौद्ध वास्तुशैलीची छाप असलेले हे द्वार लढ्याच्या काळापासून आंदोलनांचे ठिकाण होते आणि आता त्याला स्मारकाचे रूप आले आहे. मराठवाडा व विदर्भातील गावांतून कुटुंबे मुलाबाळांसह येतात, द्वारापुढे नतमस्तक होतात, छायाचित्रे काढतात. रस्त्याच्या दुतर्फा पुस्तकांची दुकाने लागतात, भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात, रिपब्लिकन पक्षाचे निरनिराळे गट आपापली व्यासपीठे उभारतात. १९७८ नंतर जन्मलेल्यांचे प्रमाण या गर्दीत आता अधिक असते. लढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन हा दिवसाचा अविभाज्य भाग आहे. विद्यापीठाचा वर्धापनदिन मात्र स्थापनेच्या तारखेनुसार २३ ऑगस्टलाच साजरा होतो.

बोलीतील नावे

पूर्ण नाव लांब असल्याने दैनंदिन व्यवहारात इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले ‘बामू’ हे रूप रूढ आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही ते दिसते. जुन्या पिढीतील अनेक जण अजूनही ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणतात, तर आंबेडकरी समाजात ‘बाबासाहेबांचे विद्यापीठ’ असा उल्लेख सर्रास ऐकू येतो. आद्याक्षरी रूपात डॉ. आंबेडकरांचे नाव दिसेनासे होते, म्हणून ते टाळावे व पूर्ण नाव वापरावे, असा आग्रह अनेक विद्यार्थी संघटना धरतात.